प्रकरण एकोणिसावे : सेपेदांचं दार

कोदोसेओ घराण्याने चार पिढ्यांत पाण्याचा एक थेंबही विकलेला नाही. ओफेलिया आत्या हे वाक्य लग्नात, मयतात आणि नाताळच्या जेवणात सारख्याच गांभीर्याने म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पणजोबा एवारिस्तोंनी चारीचं निम्मं पाणी विकलं नव्हतं, घोड्यांच्या शर्यतीत ते हरले होते. विकलं असतं तर निदान पैसे आले असते.

शर्यत जिंकणारा घोडा शेजारच्या सेपेदांचा. निशाण पडायच्या आत तो सुटला, असं कोदोसेओ मानत आले. सेपेदांचं म्हणणं असं, की कोदोसेओंचा घोडा निशाण पडल्यावरसुद्धा सुटला नव्हता. इतिहासाच्या या दोन शाखा कधी जुळल्या नाहीत. पाण्याची शाखा मात्र एकच राहिली. मोठ्या कालव्यावरून फुटणारी ती चारी आधी सेपेदांच्या पाणी घ्यायच्या लोखंडी दारापाशी येते, मग शेवटाला कोदोसेओंच्या. निम्मं त्यांचं, निम्मं यांचं.

आता सेपेदांच्या घरात फक्त विधवा एदुविहेसबाई, सगळ्यांच्या दोन्या एदुविहेस, उरल्या होत्या, आणि त्याही उत्तरेला आन्तोफागास्ताला लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या. त्यांच्या जावयाने निरोप पाठवला होता: आमचे पाण्याचे हिस्से विकायचे आहेत. जमीन नाही, नुसतं पाणी. शेजारधर्म म्हणून आधी तुम्हाला विचारतो. तुम्हाला नको असेल तर वरच्या खोऱ्यातली द्राक्षांची कंपनी पेन हातात धरून बसली आहे.

लिमारीच्या खोऱ्यात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे जमीन एक आणि पाणी दुसरं. ज्याच्याकडे कुंडी ठेवायला जागा नाही असा माणूस नदीचा हिस्सेदार असू शकतो, आणि ज्याची जमीन डोंगराला टेकते तो तोंड धुवायला शेजाऱ्याकडे जाऊ शकतो.

निवाल्दोला तो निरोप म्हणजे देवाचा कौल वाटला. तिघा भावंडांतला तो मधला, आणि शेतावर राहून शेती करणारा एकटाच. शेततळ्याच्या वरच्या उघड्या उतारावर मँडरिन संत्र्यांची बाग उभी करायची, हे त्याचं तीन वर्षांचं स्वप्न होतं. रोपवाटिकेत रोपंही सांगून ठेवली होती. अडचण इतकीच, की पाणी घ्यायचं तर गुआनाकेरोसचं समुद्रकाठचं घर विकावं लागणार होतं. दुसरं विकण्यासारखं घराण्याकडे काही नव्हतं. होतं ते एवारिस्तोंनी घोड्यावर लावून झालं होतं.

म्हणून त्या रविवारी सगळे द्राक्षाच्या मांडवाखाली जमले. निखाऱ्यांवर करडू भाजत होतं आणि प्रत्येक जण आपलं मत आधीच ठरवून आला होता.

थोरला आउरेलिओ तांब्याच्या खाणीत उभी हयात काढून निवृत्त झाला होता. तिथून त्याने एक भलामोठा ट्रक आणि सर्व विषयांचं ज्ञान आणलं होतं. तो निवाल्दोच्या बाजूने होता, कारण हरलेलं पाणी परत आणणारा कोदोसेओ म्हणून आपलं नाव निघावं असं त्याला वाटे. धाकटी एलियाना ला सेरेनाला औषधांचं दुकान चालवी. समुद्राकाठचं घर तिचा जीव की प्राण. ती ठाम विरोधात. आणि ओफेलिया आत्याही विरोधात, पण तत्त्वासाठी. समुद्राशी त्यांना देणंघेणं नव्हतं. इतकं पाणी, आणि एका झाडाच्या उपयोगाचं नाही, असं त्या समुद्राबद्दल म्हणत. त्यांचा मुद्दा वेगळा होता: जे लबाडीने गेलं ते विकत घेणं म्हणजे शर्यत मान्य करणं.

मतदान कालव्याच्या रिवाजाने होई. कालव्याच्या सभेत माणसं मोजत नाहीत, पाणी मोजतात. ज्याचा हिस्सा मोठा त्याचं मत मोठं. घराण्याच्या पाण्यात आत्यांचा वाटा निम्मा आणि तिघा भावंडांचा मिळून निम्मा, आणि त्या निम्म्याचं मत एकच, तिघांतल्या बहुमताचं. त्यामुळे वडील गेल्यापासून या घरात एकही गोष्ट ठरली नव्हती. गोठ्याचं अर्धं छप्पर नवं होतं आणि अर्धं जुनं.

सल्लागार बोलवायची कल्पना एलियानाची. शिकलेली बाई येईल, आकडे मांडेल आणि निवाल्दोला नको म्हणून सांगेल, असा तिचा हिशेब. आउरेलिओने कडाडून विरोध केला होता. पाणी वर सोडलं की खाली येतं, यात सल्ला कसला, असं त्याचं म्हणणं. निवाल्दोने मात्र आनंदाने होकार दिला. पाण्याच्या बाबतीत त्याला कोणी काही शिकवू शकेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि याला सबळ कारण होतं.

कारण पंपघराच्या भिंतीवर होतं. नगरपालिकेने दिलेली पितळी पाटी, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली: 'थेंबाचे शिल्पकार'. दुष्काळाने खोऱ्यातल्या बागा एकामागून एक वाळत गेल्या, पण निवाल्दोची अ‍ॅव्होकॅडोची बाग हिरवीगार राहिली. लोक बघायला येत. गावच्या क्लबात त्याने ठिबकावर भाषणं दिली. झाडाला लाड नको, शिस्त हवी, हे त्याचं वाक्य खोऱ्यात प्रसिद्ध होतं. पलीकडच्या उर्बानो ताबिलोने स्वतःची वाळलेली बाग उपटली तेव्हा निवाल्दो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, की उर्बानो, पाणी कमी नसतं, लक्ष कमी असतं. ताबिलोने मान डोलावली होती. तो आता ओवाये शहरात टॅक्सी चालवतो.

सल्लागार सेन्योरिता मातुराना आली ती चिखलाचे बूट घालूनच. तिशीची, बारीक आवाजाची. आउरेलिओने तिला बसायला खुर्ची आणि किमतीबद्दल स्वतःचं मत, दोन्ही एकदम दिलं. तिने खुर्चीला हात लावला नाही. किमतीचं शेवटी बघू, आधी पाणी बघू, म्हणाली. हिस्सा विकत घेतला म्हणजे पाणी मिळत नाही, पाण्याच्या वाटणीत उभं राहायची जागा मिळते. धरणात काय आहे ते बघून कालव्याचं मंडळ दर हंगामाला ठरवणार, एका हिस्स्याला किती. वाईट वर्षी चतुर्थांशही येत नाही. तेव्हा वाईट वर्षी तुमच्या तळ्यात काय पडतं, तिथून सुरुवात करायची.

"वाईट वर्षीच तर आमची कमाल आहे," निवाल्दो म्हणाला.

"माहीत आहे, सेन्योर. तुमची बाग आम्हाला वर्गात शिकवायचे. मी परीक्षेतही लिहिलीय."

निवाल्दोची छाती अशी फुगली, की शर्टाच्या बटणांनी एकमेकांचा निरोप घेतला असता. त्याने तिला पंपघराकडून नेलं, म्हणजे वाटेत पाटी लागावी. तिने ती वाचली. मग तळं पाहिलं, त्याच्या काठावरून एक फेरी मारली, आणि गुरुवारच्या पाण्याच्या पाळीला ते कितपत भरतं असं विचारलं.

काठोकाठ, निवाल्दो म्हणाला.

दुष्काळातही?

दुष्काळातही. कमी वेळा, पण काठोकाठ.

ती बागेकडे बघत राहिली. कोणी इतका वेळ आपल्या बागेकडे बघितलं की निवाल्दोला आपोआप भाषण सुचे. त्याने शिस्तीचं वाक्य म्हटलं. तिने मान हलवली आणि चारीने वरच्या बाजूला चालायला लागली. तो मागून.

सेपेदांच्या दारापाशी ती थांबली. दाराचा लोखंडी पत्रा गंजून चौकटीला चिकटलेला, पुढे गाळाचा ढीग, ढिगावर एक सरडा मालकासारखा बसलेला. पलीकडे सेपेदांचा शेतातला पाट कोरडा ठणठणीत, आणि शेताच्या नावाखाली काटेरी झुडपं.

"हे कधीपासून बंद आहे?"

"दोन्या एदुविहेस गेल्या तेव्हापासून. अकरा वर्षं झाली असतील."

"म्हणजे दुष्काळ सुरू व्हायच्या आधीपासून?"

"थोडं आधीपासून."

"मग त्यांच्या वाटणीचं पाणी कुठे जातं?"

निवाल्दोने दाराकडे पाहिलं. बंद दारातून पाणी जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. न गेलेलं पाणी मग कुठे जातं, हा प्रश्न अकरा वर्षांत एकदाही त्याच्या वाटेला आला नव्हता. त्याने चारीच्या तळाकडे पाहिलं. ओला पट्टा सेपेदांचं दार ओलांडून सरळ खाली, त्याच्या तळ्याकडे गेला होता. मधे दुसरं कोणी नव्हतंच.

"गुरुवारी येतं," तो म्हणाला.

तिने आवाज आणखी बारीक केला. यात चोरी वगैरे काही नाही, म्हणाली. मोठ्या कालव्यावर दगडी पात्याने पाणी कापलं जातं ते अख्ख्या चारीच्या वाट्याचं. खाली कुणाचं दार उघडं नि कुणाचं बंद, ते दगडाला कळत नाही, आणि पाटकरी दगडापर्यंतच येतो. परीक्षेतच तिला शंका आली होती. तुमच्या हिस्स्यात निम्मी बाग जगते, सेन्योर. सगळी जगताना बघून मला वाटलं होतं, माझं गणित कच्चं आहे.

निवाल्दो परत येताना पंपघराच्या मागच्या बाजूने आला.

मांडवाखाली करडू पानांत पडलं होतं. सेन्योरिता मातुरानाने तेवढ्यापुरती खुर्ची घेतली आणि आउरेलिओला आवडले नसते अशा साध्या शब्दांत सांगितलं: सेपेदांचे हिस्से घेतलेत तर तळ्यात एक थेंबही वाढणार नाही, कारण ते पाणी तुम्ही आताच पिताय. नवीन संत्र्यांना काही उरणार नाही. आणि घेतले नाहीत तर कंपनी ते पाणी वरच्या वर नेईल, कालव्यावरचं पातं नव्याने कापलं जाईल, आणि तुमच्या गुरुवारी निम्मं तळं भरेल.

मिरचीची वाटी फिरत होती ती जागच्या जागी थांबली. मग सगळ्यांनी निवाल्दोकडे पाहिलं. एलियानाने पाहिलं ते सर्वांत कमी वेळ, आणि ते त्याला सर्वांत जास्त लागलं.

"थेंबाचे शिल्पकार," आउरेलिओ म्हणाला.

"दादा, पुरे," एलियाना म्हणाली.

"मी पाटी वाचतोय फक्त. म्हणजे ती झाडं काटकसर करत नव्हती. शेजाऱ्याकडे जेवून येत होती."

आउरेलिओचं मत तिथल्या तिथे उलटलं. पाणी परत आणण्याचा मान वेगळा, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूला पैसे मोजणं वेगळं. खाणीत तो एवढं नक्की शिकला होता, की जे कोणी विचारत नाही ते आपण सांगू नये. दार बंद आहे, बंदच राहू दे. हवं तर कुलूप मी देतो, म्हणाला.

"कंपनी दार उघडायला इथे येणारच नाही, दादा," एलियाना म्हणाली. "ती पाणी वरूनच उचलेल. तू कुलूप घेऊन बस सरड्याशेजारी."

तिने सल्लागार बाईला विचारलं, की घर न विकता काही मार्ग आहे का. आहे, बाई म्हणाली. निम्मी बाग काढून टाकायची आणि उरलेली तुमच्या हिस्स्यावर नीट जगवायची. हिशेबाला हे मुळीच चुकीचं नाही. उलट, दुष्काळ असाच राहिला तर विकत घेतलेला हिस्सासुद्धा वर्षागणिक कमीच देणार. पाणी वाढेल म्हणून घेऊ नका, एवढंच मी सांगेन. आहे ती बाग गमवायची नसेल तर घ्या. त्या बागेची किंमत समुद्रकाठच्या घराइतकी आहे का, हे मला ठरवता येणार नाही.

एलियानाला हवं होतं ते उत्तर पदरात पडलं. आकडे मांडून, शिकलेल्या बाईच्या तोंडून. ती जिंकली होती. निवाल्दो वाट बघत राहिला, की ती आता ते बोलून दाखवेल. ज्याने ताबिलोच्या खांद्यावर हात ठेवला होता, त्याने आता कुठल्या तोंडाने सांगावं, की माझी झाडं उपटू नका?

"कुठली निम्मी काढशील?" तिने विचारलं.

"काय?"

"बाग. खालची जुनी, की वरची तू लावलेली?"

निवाल्दोने बागेकडे पाहिलं. उत्तर द्यायचा त्याने खरोखर प्रयत्न केला. खालची झाडं वडिलांनी लावली होती आणि फळ तीच जास्त धरत. वरची लावताना एलियाना शाळेत होती आणि बादलीने पाणी घालायला सुट्टीत ती यायची. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"कळलं," एलियाना म्हणाली. "मी बाजू बदलली."

आउरेलिओने काटा खाली ठेवला. अर्ध्या तासापूर्वी ही घरासाठी जीव द्यायला निघाली होती, आणि त्याचं काय झालं, असं त्याला जाणून घ्यायचं होतं.

"तिथे खिडकीत बसून मासे खाताना याचा हा चेहरा आठवला, की चव जाणार. मग घर ठेवून काय करू?"

भावंडांमध्ये दोन विरुद्ध एक झालं, पण कालव्याच्या रिवाजाने त्याला काही अर्थ नव्हता. निम्मं मत आत्यांचं. आणि आत्या इतका वेळ शांतपणे बरगडीचं मांस सोडवत होत्या. ते पूर्ण सुटल्यावर त्यांनी हात पुसले.

"किती वर्षं म्हणालास?"

"अकरा, आत्या."

"अकरा वर्षं सेपेदांचं पाणी आपण वापरतोय. आणि त्यांना पत्ता नाही." त्यांच्या डोळ्यांत एक अशी चमक आली, जी एवारिस्तोंच्या तसबिरीतही होती. ती तसबीर शर्यतीच्या आधी काढलेली. "म्हणजे शर्यत शेवटी आपणच जिंकलो की."

मग घ्यायचं कशाला, असं त्या पुढे म्हणणार हे उघड होतं. आत्या विरोधात होत्याच, आता आनंदाने विरोधात राहिल्या असत्या. निवाल्दोने मनातल्या मनात वडिलांच्या झाडांची पहिली ओळ मोजायला घेतली. पण आउरेलिओला मिळालेला विजय जसाच्या तसा ठेवता येत नसे. तो समजावून सांगावा लागे.

"तेच म्हणतोय मी, आत्या. भांडण नाही, तंटा नाही. एदुविहेसबाईंनी दार लावलं आणि आपल्याला पाणी सुटलं. त्यांचा चांगुलपणा समजायचा आणि गप्प बसायचं."



"सेपेदांचा काय?" आत्यांनी विचारलं.

आउरेलिओला चूक कळली, पण ती गिळायला उशीर झाला होता. म्हणजे तसा चांगुलपणा नव्हे, तो म्हणाला, निष्काळजीपणा म्हणा हवं तर. पण तो शब्द टेबलावर पडला होता आणि आत्या त्याच्याकडे ताटात सापडलेल्या केसाकडे बघावं तशा बघत होत्या.

"अकरा वर्षं," त्या हळू म्हणाल्या, "या घरातली झाडं सेपेदांच्या उपकारावर?"

"आत्या, उपकार कुणी म्हटला?"

"तू म्हटलास. घर विका. कोदोसेओ कुणाचं फुकट पीत नाहीत."

अशा रीतीने वडील गेल्यापासूनचा पहिला ठराव झाला. बाजूने आत्या, एलियाना आणि निवाल्दो, विरोधात आउरेलिओ. दुपार सुरू होताना जो एकटाच खरेदीला नाही म्हणेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, तो एकटा उरला. तिघांची कारणं तीन होती आणि त्यांतलं एकही पाण्याबद्दल नव्हतं. सेन्योरिता मातुरानाने असं मूल्यमापन याआधी पाहिलं नसावं, पण तिने करडू दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना निवाल्दो तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला. वर्गात अजून ते शिकवतात का, त्याने विचारलं. बहुतेक, ती म्हणाली, आता उदाहरण बदलावं लागेल. मग तिला वाईट वाटलं असावं. ठिबक तुम्ही फार नीट बसवलंय, असंही तिने सांगितलं. हे खरं होतं, आणि त्याने काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन पंपघराकडे निघाला, तेव्हा आत्यांनी हटकलं. पाटी राहू दे, म्हणाल्या. नगरपालिकेने दिलेली वस्तू आहे, आणि खाली भिंतीचा रंग उडालेला असेल. रोपवाटिकेला त्याने फोन करून संत्र्याची रोपं नको म्हणून कळवलं. ओवायेला ताबिलोकडेही एकदा जायला हवं, असं त्याच्या मनात आलं. ते पुढे बरेच दिवस मनातच होतं.

समुद्रकाठचं घर सान्तियागोच्या एका दंतवैद्याने घेतलं. एलियानाने तिथून फक्त एक तवा आणला.

सह्या करायला सगळे ओवायेला गेले, आत्याही, काळा कोट घालून. सेपेदांचा जावई भला माणूस निघाला. सह्या झाल्यावर तो निवाल्दोकडे वळून म्हणाला, सासूबाई नेहमी विचारतात, की कोदोसेओंना पाणी नीट मिळतंय ना? निघतानाच त्यांनी दार घट्ट लावून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, इथे उगाच काटे भिजण्यापेक्षा खाली त्या पोराची झाडं तरी जगतील.

निवाल्दोने आत्यांकडे पाहिलं नाही. आत्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "आता आमचं आम्हाला पुरतं."

त्या गुरुवारी विकत घेतलेलं पाणी बघायला सगळं घर तळ्यावर आलं. आउरेलिओही आला, ट्रक लांब उभा करून. आत्यांसाठी काठावर खुर्ची ठेवली. निवाल्दोने दार वर ओढलं. पाणी आलं, आणि दुपारपर्यंत तळं काठोकाठ भरलं.

आधीच्या गुरुवारीही भरलं होतं.